सोयाबीननंतरचा कांदा, तणनाशक आणि न मिळणारं निंदण : अनुभव सांगा

वखरपाळी | २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मी कारंजा तालुक्यातला, जिल्हा वाशीम. विहिरीवर तीन एकर ओलीत आहे. त्यातल्या दीड एकरात खरिपात सोयाबीन होतं, ते निघालं. तिथं आता रब्बी कांदा लावायचा आहे. रोप टाकून बारा दिवस झाले, डिसेंबरच्या मध्यावर लावणी होईल. बाजूला वीस गुंठ्यांत टमाटर आणि मिरची उभी आहे.

अडचण निंदणाची. कांद्याला ज्या महिन्यात निंदण पाहिजे, त्याच महिन्यात कापूस फुटलेला असतो. वेचणी किलोवर असते, हात चांगला असलेल्या बाईला तिथं निंदणाच्या रोजापेक्षा जास्त पडतात. मग ती कांद्यात का येईल? गेल्या साली पहिलं निंदण लावणीनंतर पन्नासाव्या दिवशी झालं. तोवर केना आणि घोळीनं वाफे झाकून टाकले होते. कांदा लिंबाएवढाही झाला नाही.

म्हणून यंदा तणनाशकाचा विचार आहे. कृषी केंद्रात गेलो तर दुकानदारानं तीन बाटल्या पुढे ठेवल्या. कोणती लावणीआधी, कोणती नंतर, मिरचीत कोणती चालेल, असं विचारलं तर म्हणाला, "सगळं चालते भाऊ." या उत्तराची मला भीती वाटते. कारण मागच्या रब्बीत याच वावराच्या खालच्या तुकड्यात फुलकोबी लावली होती. महिनाभर ती जागची हलली नाही. पानं पिवळी, मुळ्या आखूड, नवा शेंडाच नाही. बुरशीचं औषध झालं, खत झालं, सूक्ष्म अन्नद्रव्यं झाली. शेवटी वखर घालून पीक मोडलं. कशानं गेली ते आजही कळलेलं नाही.

ज्यांनी भाजीपाल्यात तणनाशक वापरलं आहे त्यांनी खरा अनुभव सांगावा. नुकसान झालं असेल तर तेही लिहा.

---

तिसरा तास | २ नोव्हेंबर

वखरपाळी भाऊ, आमच्या इकडं दिग्रसले हीच गोष्ट हाय. बाया कापूस येचाले जाऊन रायल्या, निंदाले कोणी भेटत नाही. म्या मागच्या साली कांद्यात लावणीच्या तिसऱ्या दिवशी पेंडीमेथॅलीन मारलं. अर्ध्या वावरात एकदम साफ, अर्ध्यात जसंच्या तसं तण. एकच बाटली, एकच पंप, एकच दिवस. काहून असं झालं ते कोणी सांगन तं मलेही कामात येईन.

---

लाल मिरची | ३ नोव्हेंबर

भिवापूरकडून. मिरचीत आम्ही रोप लावण्याआधी पेंडीमेथॅलीन मारतो, मग ओलवतो आणि लावतो. पंचवीस-तीस दिवस बरे जातात. पुढं डवरा आणि हात. मिरचीत उभ्या पिकावर रुंद पानाच्या तणासाठी काही मारू नका. मिरची स्वतः रुंद पानाचीच आहे.

---

ओलीत | ३ नोव्हेंबर

वखरपाळी, कांद्याकडे येण्याआधी एक विचारतो. सोयाबीनमध्ये कोणतं तणनाशक मारलं होतं? किती आणि केव्हा? मागच्या वर्षी फुलकोबीच्या आधी त्या तुकड्यात काय होतं?

---

वखरपाळी | ३ नोव्हेंबर

दोन्ही वर्षी सोयाबीनच. तणनाशक इमॅझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, पेरणीनंतर अठराव्या-विसाव्या दिवशी. यंदा १२ जुलैला मारलं. खालच्या तुकड्यात पाणी थांबतं म्हणून गवत जास्त असतं. तिथं दोन्ही साली दुसऱ्यांदा हात फिरवला, उरलेलं औषध तिथंच संपवलं. याचा कांद्याशी काय संबंध?

---

ओलीत | ४ नोव्हेंबर

संबंध आहे, आणि माझ्या मते तुमची फुलकोबी तिथंच गेली. थोडं लांबण लागेल.

इमॅझेथापायर पानातून जातं तसं मुळातूनही जातं, आणि जमिनीत काही महिने राहतं. सोयाबीन, भुईमूग अशी शेंगवर्गीय पिकं ते आपल्या अंगात मोडून टाकतात. कोबीवर्गीय पिकं, बीट, कांदा यांना ते जमत नाही. नवा शेंडा आणि मुळीचं टोक वाढण्यासाठी वनस्पतीला जी अमिनो आम्लं लागतात, त्यातली काही बनवणारी क्रियाच हे औषध बंद पाडतं. रोप लगेच मरत नाही, जागेवर थांबतं. तुम्ही "जागची हलली नाही" लिहिलंत तेव्हाच मला शंका आली. अमेरिकेत या औषधाच्या लेबलवर शुगरबीट लावायला ४० महिने थांबायला सांगतात. आपल्याकडे ऊन आणि ओल दोन्ही असल्यानं जमिनीतले जिवाणू ते लवकर मोडतात, त्यामुळे तो आकडा इथं जसाच्या तसा लागू होत नाही. पण पाऊस कमी झाला, माती कोरडी राहिली किंवा डोस दुप्पट पडला, तर औषध उरतं. तुमच्या खालच्या तुकड्यात दोन वर्षं दुप्पट पडलं आहे.

सोयाबीनमध्येच मारतात त्या क्लोरीम्युरॉनचंही तसंच. एकरी जेमतेम १५ ग्रॅमची पुडी, म्हणून माणूस ते हलकं समजतो. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीत क्लोरीम्युरॉनच्या गटातली औषधं आणखी सावकाश मोडतात.

हे कोणाच्या लक्षात का येत नाही? सोयाबीननंतर आपण हरभरा किंवा गहू पेरतो. त्यांना उरलेलं औषध सहसा जाणवत नाही. भाजी लावली की ते उघडं पडतं. मग आपण रोग शोधतो, खत बदलतो, रोपवाटिकेला दोष देतो.

तुमची लावणी अजून चाळीस दिवस लांब आहे. तेवढ्यात घरी तपासता येईल. वरच्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्या, खालच्यातून वेगळी घ्या, आणि धुऱ्यावरची (बांधावरची), जिथं कधीच काही मारलं नाही, तीही घ्या. प्रत्येकीच्या चार-चार कुंड्या करा, बुडाला छिद्र हवं. सगळ्यांत मोहरी टाका, जमलं तर कांद्याचं बीही. मोहरी लवकर उगवते आणि या औषधाला फार नाजूक आहे. पाणी सगळ्यांना सारखं द्या. तीन आठवडे पाहा. धुऱ्याच्या मातीतली मोहरी वाढली आणि वावरातली खुंटली, तर उत्तर मिळालं.

---

वखरपाळी | ४ नोव्हेंबर

ओलीत दादा, हे वाचून पोटात कालवलं. त्या कोबीवर किती खर्च केला. उद्याच कुंड्या भरतो.

---

सांभारवाडी | ५ नोव्हेंबर

मी मोर्शी तालुक्यातली. आधीच्या पिकाचं औषध निघालंच आहे तर पंपाचंही सांगते, कारण वखरपाळी दादांच्या बाजूलाच टमाटर-मिरची आहे.

आमच्याकडे अर्धा एकर टमाटर होतं, फुलावर आलेलं. गव्हात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं होतं. पंप पाण्यानं दोनदा खळबळून ठेवला. चार दिवसांनी त्याच पंपानं टमाटरवर किडीचं औषध मारलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंडे वाकायला लागले. नवीन पानं दोरीसारखी निमुळती झाली, खोड पिळल्यासारखं झालं. आम्हाला वाटलं व्हायरस आला. पांढऱ्या माशीची दोन औषधं मारली, तीही त्याच पंपानं. पीक हातचं गेलं. आमच्या सासूबाईंनी ते टमाटर रोपापासून लेकरासारखं वाढवलं होतं, त्या कितीतरी दिवस वावरात गेल्या नाहीत.

नंतर एका कृषी सहायकानं येऊन फरक दाखवला. व्हायरस असता तर एक झाड आज, दोन झाडं पाच दिवसांनी, असा विखुरलेला दिसला असता. आमच्याकडे पंप जिथून सुरू झाला त्या तासापासून सगळी झाडं एकाच दिवशी वाकली होती, आणि पुढं पुढं, जसजसा पंप धुतला गेला तसतशी कमी.

तेव्हापासून घरात दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपाला लाल रंग मारला आहे आणि तो वेगळ्या खोलीत ठेवतो.

---

जुनं वावर | ५ नोव्हेंबर

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्यात भर घालतो. टू-फोर-डीला वाऱ्यानंही पाय फुटतात. शेजारचा गव्हात मारत असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तर टमाटर, मिरची, भेंडी, वेलवर्गीय सगळी धोक्यात. पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान तर पंज्यासारखं फाटलेलं होतं. पातूरकडे आमच्या शिवारात यावरून भाऊबंदकीत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा की माझ्याकडे भाजीपाला आहे, मारायच्या दिवशी मला आवाज दे.

ज्यांच्याकडे एकच पंप आहे त्यांनी नुसत्या पाण्यावर भागवू नये. तीनदा धुवा. मग धुण्याचा सोडा किंवा साबणाचं पाणी भरून थोडं नळीतून सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाळणी, नोझल काढून वेगळे धुवा. नळी आणि गाळणीतच औषध दडून बसतं. ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

---

ओलीत | ६ नोव्हेंबर

आता कांद्यातल्या तणनाशकांचं. तिसरा तास यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच येईल.

कांदा तणापुढं दुबळा आहे. पान सरळ वर जातं, जमिनीवर सावली पडत नाही, वाढ सुरुवातीला मंद. लावणीनंतर पंधराव्या ते साठाव्या दिवसापर्यंतचं तण उत्पन्न खातं. त्यातले पहिले पंचवीस-तीस दिवस तणनाशक सांभाळू शकतं. उरलेल्यासाठी एक निंदण लागतंच. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारसही तशीच आहे: लावणीच्या वेळी ऑक्सिफ्लोरफेन किंवा पेंडीमेथॅलीन आणि पुढं चाळीस ते साठ दिवसांच्या आत एक हातनिंदण. बाटली घेतली म्हणजे निंदण सुटलं, असं धरून चालू नका.

पेंडीमेथॅलीन ३० टक्के ईसी एकरी १ ते १.३ लिटर. हे उगवलेल्या तणाला काही करत नाही. जमिनीच्या वरच्या थरात त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यातून कोंब काढणारं बी मरतं. तो पापुद्रा सलग हवा. ढेकळं असली की तुटतो, काळ्या मातीला भेगा पडल्या की तुटतो. माती कोरडी असेल तर औषध बियापर्यंत पोचत नाही, उन्हानं उडून जातं. तिसरा तास, तुमच्या अर्ध्या वावरात ढेकळं होती का, किंवा ओलवण उशिरा झालं का, ते आठवून पाहा. फवारताना मागं मागं सरकायचं, म्हणजे फवारलेल्या जागेवर आपलाच पाय पडत नाही.

ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के ईसी एकरी १७० ते ३४० मिली, हलक्या जमिनीत कमी. लहान रुंद पानाच्या तणावर चांगलं. उभ्या कांद्यावर पडलं तर पातीवर पांढरे डाग पडतात, शेंडे जळतात. बहुधा आठ-दहा दिवसांत पात सावरते, पण रोप नुकतंच लागलेलं असेल तर धक्का मोठा बसतो.

क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के, एकरी ३०० ते ४०० मिली, उगवलेल्या गवतवर्गीय तणासाठी, दोन ते चार पानांवर असताना. केना, घोळ, तांदुळजा, रेशीमकाटा यांना त्यानं काही होत नाही. लव्हाळा दिसायला गवत असला तरी गवत नाही, त्यालाही काही होत नाही. वर लिहिलेल्या तिन्हींपैकी एकही लव्हाळ्याचा गड्डा मारत नाही, म्हणून त्यासाठी पैसे घालवू नका.

टमाटरमध्ये मेट्रीब्युझिन ७० टक्के चालतं, पण मिरचीला ते जाळतं. वखरपाळी, तुमची दोन्ही पिकं शेजारी आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पाणी एकरी २०० लिटर. नोझल चपट्या झोताचं घ्या. किडीच्या औषधाचं गोल शंकूचं नोझल तणनाशकाला लावू नका. आणि बाटली फोडण्याआधी नुसत्या पाण्यानं मोजून पाहा. १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा, आखून घ्या. नेहमीच्या चालीनं फवारा. किती पाणी लागलं ते चाळीसनं गुणा. पाच लिटर लागलं तर एकरी २०० लिटर. आपल्याकडे "पंपाला एवढी टोपणं" या हिशेबानं मारतात, आणि एकरी सहा पंप मारणारा आणि पंधरा पंप मारणारा दोघंही तेवढीच टोपणं टाकतात.

---

तिसरा तास | ६ नोव्हेंबर

बरोबर हाय दादा. धुऱ्याकडच्या अर्ध्यात रोटावेटर फिरला नव्हता, ढेकळं तशीच व्हती. आणि तिकडं पाणी दोन दिवसानं गेलं. आज समजलं.

---

माय निंदणाले जाते | ७ नोव्हेंबर

मी इथं फक्त वाचत असते, आज लिहिते. माझी आई वीस वर्षांपासून निंदणाला जाते. बाया मिळत नाहीत हे खरं आहे. पण वेचणी संपल्यावर फेब्रुवारीपासून तिच्या हाताला काम नसतं, हेही खरं आहे. तणनाशक मारू नका असं मी म्हणत नाही. एक गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगायची आहे.

निंदणाहून येताना आई ओच्यात तांदुळजा, घोळ, कुंजरू घेऊन येते. आमच्या घरी संध्याकाळची भाजी तीच असते. मी लहान होते तेव्हापासून. शेळीलाही तेच तण. वावरात पंधरा दिवसांपूर्वी काय मारलं हे तिला कोणी सांगत नाही. तिला लेबल वाचता येत नाही. औषध मारलेलं असेल तर मालकानं वावरात शिरतानाच सांगावं, "इथली भाजी नेऊ नका." एवढं एक वाक्य.

---

वखरपाळी | ७ नोव्हेंबर

ताई, माझ्या वावरातूनही बाया भाजी नेतात आणि मी आजपर्यंत एकदाही सांगितलं नाही. यंदापासून सांगेन.

---

जुनं वावर | ८ नोव्हेंबर

माझंही एक वाक्य त्याला जोडून. मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) यांत तणनाशक मारूच नका. पीक महिना-दीड महिन्यात बाजारात जातं आणि पानच खाल्लं जातं. तिथं हातच बरा.

आणि दुकानात पॅराक्वाट, ग्लायफोसेट "तासांच्या मधून मारा" म्हणून देतात त्याबद्दल. ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच वापरायचं, असा आदेश केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला, आणि त्याच्या लेबलवर भाजीपाला आधीही नव्हता. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. पाण्याच्या बाटलीत थोडं काढून ठेवायची सवय आपल्या घराघरात आहे, ती मोडा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण पाठीवर गळणारा पंप आणि उघडं अंग तेच असतं.

---

सांभारवाडी | ८ नोव्हेंबर

रोपवाटिकेसाठी आमचा एक उपाय. एप्रिल-मे महिन्यात वाफे करून भरपूर ओलवायचे, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबायच्या आणि पाच-सहा आठवडे तसंच ठेवायचं. आपल्याकडचं ४५ अंशाचं ऊन दुसऱ्या कशाला कामाला येणार? वरच्या थरातलं बहुतेक तणाचं बी आतल्या आत भाजून जातं. काळं प्लास्टिक घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. लव्हाळा मात्र यालाही दाद देत नाही, मल्चिंगलाही टोचून वर येतो. त्याला उन्हाळ्यात खोल नांगरून गड्डे उन्हात वाळवणं आणि वेचणं, हेच आम्ही करतो. तिसऱ्या वर्षी फरक दिसला.

---

लाल मिरची | ९ नोव्हेंबर

लावणीआधीच वावर ओलवून घ्या. आठ-दहा दिवसांत तण उगवतं, मग वखराची हलकी पाळी द्या. खोल जाऊ नका, नाहीतर खालचं बी वर येतं. एक पीक तण तिथंच संपतं. वखरपाळी भाऊंना हे सांगायला नको, नावातच आहे.

---

वखरपाळी | २७ नोव्हेंबर

कुंड्यांचा निकाल. बावीस दिवस झाले.

धुऱ्याच्या मातीतली मोहरी बोटभर उंच, चार-पाच खरी पानं. वरच्या तुकड्याच्या मातीतली जवळपास तशीच, एका कुंडीत थोडी लहान. खालच्या तुकड्याच्या चारही कुंड्यांत मोहरी दोन दलांवर थांबली आहे, मधलं पान पिवळं, जागचं हलत नाही. उपटून पाहिली तर मुळी ब्रशसारखी आखूड. अगदी माझ्या फुलकोबीसारखी. बायकोला दाखवलं. ती बराच वेळ कुंडीकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग आपण कोबीले औषध कायचं पाजत होतो?"

खालचा तुकडा पंधरा गुंठे आहे. तिथं कांदा लावत नाही, उद्या हरभरा पेरतो, थोडा उशीर झाला तरी चालेल. वरच्या पंचेचाळीस गुंठ्यांत कांदा. आज तिथं ओलवणं सुरू केलं आहे, तण उगवलं की वखर. लाल मिरची भाऊ, नावात असूनही हे मी चार वर्षांत केलं नव्हतं.

---

ओलीत | २७ नोव्हेंबर

फार चांगलं केलंत. एक विनंती. खालच्या तुकड्याच्या कडेला कांद्याच्या दोन ओळी लावून ठेवा आणि काय होतं ते इथं लिहा. कुंडीतलं आणि वावरातलं जुळतं का ते सगळ्यांना पाहता येईल. आणि ही गोष्ट अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फोटोंसह जरूर दाखवा.

---

वखरपाळी | १४ फेब्रुवारी

उशिरा लिहितो, कामात होतो.

लावणी १७ डिसेंबरला झाली. दुसऱ्या दिवशी पेंडीमेथॅलीन मारलं. आधी एका गुंठ्यावर पाणी मोजलं तेव्हा कळलं की मी आजवर एकरी १२० लिटरच मारत होतो. चपटं नोझल आणलं, पंप नवा घेतला, त्याला लाल पट्टा मारला. तीस दिवस वाफे बऱ्यापैकी साफ होते. केना आणि लव्हाळा आला, बाकी फार नाही. अडतिसाव्या दिवशी सात बाया मिळाल्या, दोन दिवसांत निंदण उरकलं. गेल्या साली त्याहून लहान वावराला सहा दिवस लागले होते. क्विझालोफॉपची गरजच पडली नाही, बाटली दुकानात परत केली.

बायांना वाफ्यात शिरण्याआधी सांगितलं की इथं औषध मारलं आहे, तण घरी नेऊ नका, शेळीलाही नको. त्यातल्या एका मावशीनं विचारलं, "आधीच्या सालांत मारलं होतं का?" सोयाबीनमध्ये मारलं होतं, आणि तेव्हा त्यांनी कुंजरू नेला होता. मी खरं ते सांगितलं. आता धुऱ्याकडच्या दोन वाफ्यांत काहीच मारत नाही, तिथला तांदुळजा त्यांनी न्यावा असं ठरलं आहे.

खालच्या तुकड्यातला हरभरा घाट्यांवर आहे, छान आहे. त्याच्या कडेला लावलेल्या कांद्याच्या दोन ओळी आज मोजल्या. वरच्या वाफ्यात एका रोपाला सात-आठ पाती आहेत, या ओळींत तीन-चार, आणि मान काडीसारखी. बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. फोटो खाली जोडतो.

येत्या खरिपात त्या तुकड्यात सोयाबीनला तणनाशक नाही, दोन डवरणी आणि एक निंदण. निंदण जुलैत येतं, तेव्हा वेचणी नसते. त्याच मावशीला आजच सांगून ठेवलं आहे.